लघवीत जंतू आहेत, आईला मात्र काहीच होत नाही

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

आई ७६ वर्षांची, माझ्याकडेच असते. मधुमेह जुना आहे. त्यासाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी आणि गेल्या वर्षापासून डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. तीन महिन्यांपूर्वी पुण्याच्या भावाने तिच्यासाठी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बुक केलं. त्यात लघवीत पस सेल्स (पू-पेशी) १२-१५, एपिथेलियल सेल्स ८-१०, शुगर तीन प्लस आणि ‘बॅक्टेरिया प्रेझेंट’ असं आलं. डॉक्टरांनी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायची तपासणी, करायला सांगितलं. ई. कोलाय निघाले, एक लाखाच्या वर. आईला जळजळ नाही, ताप नाही. ‘मला काही झालेलं नाही’ हेच तिचं पालुपद. तरी सेफिक्झिम या अँटिबायोटिकचा कोर्स झाला. पुन्हा कल्चर, पुन्हा ई. कोलाय. मग लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक. त्या दिवसांत एका पहाटे आई घामाने भिजलेली होती, असंबद्ध बोलत होती. चहा-बिस्किटं दिल्यावर अर्ध्या तासात सावरली. भावाला वाटतं, इन्फेक्शन डोक्यात चाललंय. आता तिसऱ्या कल्चरमध्ये जंतू ‘रेझिस्टंट’ आलाय आणि ७ दिवस ॲडमिट करून मेरोपेनेमची इंजेक्शनं द्यावी लागतील असं सांगितलंय. आईला चार दिवसांपासून पातळ जुलाब होताहेत, जेवण कमी झालंय. ‘खाली’ खाज येते म्हणते, पण ते वयामुळे असेल. भाऊ म्हणतो, उद्याच ॲडमिट कर, किडनीपर्यंत गेलं तर जबाबदार कोण? आई जायला तयार नाही. मी काय करू?

ॲडमिट करायचं की नाही ते पुढे बघू. आधी आजचं काम सांगतो, कारण ते थांबण्यासारखं नाही.

जुलाब चालू आहेत, जेवण कमी आहे आणि आई डापाग्लिफ्लोझिन घेते आहे, हे त्रिकूट मला लघवीतल्या जंतूंपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. हे औषध रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतं आणि तिच्याबरोबर पाणीही जातं. जुलाबाने आधीच कोरड्या पडलेल्या माणसाचं त्यामुळे आणखी पाणी कमी होतं. शिवाय उपाशी शरीरात चरबी जळून तयार होणारे किटोन वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसतानाही हे होतं, म्हणून ते पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. ग्लिमेपिराइडचा त्रास उलट बाजूने असतो, खाणं कमी झालं की त्याने साखर खाली घसरते. तेव्हा आजच मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा. जुलाब किती आणि जेवण किती ते सांगा आणि या तिन्ही औषधांपैकी कोणतं किती दिवस थांबवायचं ते विचारून घ्या. बऱ्याचदा डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन जुलाब थांबेपर्यंत बंद ठेवतात. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि सोडियम-पोटॅशियमही तपासायला सांगतील, ते करा. अँटिबायोटिकनंतर सुरू झालेले जुलाब कधीकधी आतड्यातल्या एका वेगळ्याच जंतूमुळे होतात आणि त्याची तपासणी शौचाची असते, म्हणून ‘आधी दोन कोर्स झालेत’ हे वाक्य फोनवर आवर्जून बोला. उलट्या, धाप किंवा ग्लानी दिसली तर फोनवर थांबू नका, दवाखाना गाठा.

आता रिपोर्टकडे वळू. तुमच्या पत्रात एक गृहीत आहे आणि ते तुमच्या एकटीचं नाही. लघवी निर्जंतुक असायला हवी, म्हणजे त्यात जंतू सापडले की तो आजार, आणि आजार म्हटला की औषध. आम्ही डॉक्टरही कॉलेजात हेच शिकलो. प्रत्यक्षात सत्तरीपुढच्या, घरात चांगल्या हिंडत्या-फिरत्या बायकांपैकी दहाजणींमागे एक-दोघींच्या लघवीत असे जंतू कल्चरला वाढतात, आणि त्यांना काहीही त्रास नसतो. वृद्धाश्रमांत राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण याहून बरंच जास्त असतं. कॅथेटर घातलेल्या माणसाच्या लघवीत तर महिनाभरात जंतू सापडतातच. पाळी गेल्यावर योनीमार्गातले उपयोगी जंतू कमी होतात, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आणि ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू तिथे मुक्काम ठोकतात. मुक्काम ठोकणं वेगळं आणि हल्ला करणं वेगळं.

‘एक लाखाच्या वर’ हा आकडा ऐकूनच पोटात गोळा येतो, हे मान्य. पण तो आला कुठून ते पाहा. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास यांनी हा उंबरठा मांडला. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो बाटलीतले जंतू बाहेरच्या त्वचेवरून आले की खरोखर मूत्राशयातलेच, हा. एका मिलिलिटरमध्ये लाखाच्या वर असतील तर ते बहुधा आतले, एवढंच तो आकडा सांगतो. त्या माणसाला आजार आहे का, हे तो सांगू शकत नाही, कारण त्रास नसलेल्या कितीतरी जणींमध्येही कास यांना लाखाच्या वर जंतू सापडले होते.

‘रेझिस्टंट’ या शब्दाचंही तसंच. हा जंतू जास्त जहाल आहे असा त्याचा अर्थ नाही, कोणती औषधं त्याच्यावर चालत नाहीत एवढाच आहे. आईच्या बाबतीत तो असा का झाला याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. पहिल्या कोर्सने साधे जंतू मेले, त्यांच्या जागी चिवट आले. दुसऱ्याने त्याहून चिवट. तिसरा कोर्स मेरोपेनेमचा झाला तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा कुठला तरी जंतू येणारच, आणि तेव्हा हातात काय उरेल याचा विचार करा. जिवावर बेतलेल्या संसर्गासाठी हाताशी ठेवायचं ते औषध आहे.

किडनीपर्यंत जाईल ही भावाची भीती खोटी नाही, पण या परिस्थितीला ती लागू पडत नाही. त्रास नसलेल्या वयस्क स्त्रियांना औषध देऊन आणि न देऊन तुलना केलेली आहे. औषध दिलेल्यांमध्ये पुढचे संसर्ग कमी झाले नाहीत, आयुष्य वाढलं नाही. औषधांचे दुष्परिणाम मात्र झाले. मधुमेह असलेल्या स्त्रियांमध्येही हेच दिसलं. म्हणूनच अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांत मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींमध्ये त्रास नसताना असे जंतू शोधूही नयेत आणि सापडले तरी औषध देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे.

या नियमाला अपवाद आहेत, आणि इतर वाचकांसाठी ते ठळकपणे सांगायला हवेत. गरोदर बाईच्या लघवीत जंतू सापडले तर त्रास नसला तरी औषध द्यायचं असतं, कारण तिथे संसर्ग खरोखरच किडनीकडे सरकण्याचा धोका मोठा असतो. प्रोस्टेटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया किंवा मूत्रमार्गात रक्त येईल अशी कुठलीही प्रक्रिया ठरली असेल तर आधी कल्चर करून औषध देतात. लहान बाळाला ताप आहे आणि कारण सापडत नाही, तर लघवी तपासायलाच हवी. सर्दी-खोकला शोधत बसण्यात दिवस घालवू नयेत.

आता त्या पहाटेबद्दल. हा भाग वाचताना मी थांबलो. घामाने चिंब, असंबद्ध बोलणं, आणि चहा-बिस्किटाने अर्ध्या तासात ठीक. चहा-बिस्किटाने जंतू जात नाहीत. साखर मात्र वर येते. लिव्होफ्लॉक्सासिनने, विशेषतः ग्लिमेपिराइड घेणाऱ्या वयस्क माणसांत, रक्तातली साखर एकदम उतरू शकते. याच गटातल्या औषधांनी म्हाताऱ्या माणसांना भ्रमही होतो. त्या क्षणी साखर मोजलेली नाही, म्हणून मी खात्रीने सांगू शकत नाही, पण माझा संशय जंतूंवर नाही, गोळ्यांच्या जोडीवर आहे. हा प्रसंग तुम्ही डॉक्टरांना सांगितलात का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. भावाला मात्र सांगितलात, आणि त्याने इंटरनेटवर वाचून निदान केलं. हा प्रसंग तारखेसह लिहून काढा, त्या दिवशी कोणत्या गोळ्या चालू होत्या तेही लिहा, आणि यापुढे असं काही झालं तर चहा ठेवता ठेवता आधी बोटाला सुई लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर सरळ साखरेचं पाणी द्या, आणि ती शुद्धीत असेल तरच तोंडाने द्या.

म्हातारं माणूस गोंधळलं की ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणायची पद्धत आता घरोघर पोचली आहे. अचानक गोंधळ उडाला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण तेव्हा साखर, सोडियम, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, झोपेची गोळी, नवं औषध, पडल्याचा मार, छातीतला संसर्ग असं सगळं पाहायचं असतं. लघवीत जंतू सापडले की शोध तिथेच थांबतो, आणि खरं कारण बाजूला राहतं. जंतू तर दहातल्या एक-दोघींमध्ये असणारच.

आणि खाज. ‘पण ते वयामुळे असेल’ असं तुम्ही लिहिलंत. मला तर पूर्ण पत्रात आईने स्वतःहून केलेली तक्रार म्हणून तीच महत्त्वाची वाटली. डापाग्लिफ्लोझिनमुळे लघवीत साखर सतत असते, त्या भागाची त्वचा ओलसर राहते, आणि तिथे बुरशीचा संसर्ग होणं हा या औषधाचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे. त्यावर अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले की बुरशीला रान मोकळं. आता रिपोर्ट पुन्हा बघा. एपिथेलियल सेल्स ८-१०, म्हणजे नमुन्यात बाहेरच्या त्वचेच्या पेशी बऱ्याच मिसळल्यात. खाज असलेल्या जागेवरून लघवी बाटलीत गेली असेल तर पस सेल्सही तिथूनच आले असू शकतात. तीन महिन्यांत तीन कल्चर झाली, पण आईला आडवं झोपवून कोणी एकदा तपासलं का? बहुधा नाही, कारण आई लाजली असेल आणि डॉक्टर पुरुष असतील. गावातल्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन जा. पाच मिनिटांची तपासणी आहे, आणि बुरशीच निघाली तर साध्या मलमाने किंवा योनीत ठेवायच्या गोळीने बरी होते. त्वचा कोरडी पडली असेल तर त्याचाही उपाय आहे. डापाग्लिफ्लोझिन पुढे चालू ठेवायचं का, हाही प्रश्न तेव्हा विचारता येईल.

ओघात आलं म्हणून सांगतो: ‘शुगर तीन प्लस’ पाहून घाबरून मला पत्र लिहिणारे पुष्कळ आहेत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातलं औषध घेणाऱ्याच्या लघवीत साखर येणारच, ते औषध कामच तसं करतं. अशा माणसाची साखर लघवीवरून ठरवायची नसते.

बाकीच्या ओळींबद्दलही दोन शब्द, कारण पॅकेजच्या रिपोर्टमध्ये जे काही नॉर्मल रेंजबाहेर असेल ते ठळक छापतात आणि घरात धावपळ उडते. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेल्या नमुन्यात किटोन दिसले तर ते उपवासाचे असू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे एक-दोन खडे दिसले म्हणजे मुतखडा आहे असं नाही. ताप किंवा भरपूर चालणं झाल्यावर प्रोटीन ‘ट्रेस’ येतं. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बघावं. नायट्राइट ही पट्टी बुडवून पाहायची जंतूंची खूण; ती निगेटिव्ह म्हणजे संसर्ग नाहीच, असंही नाही: लघवी चार-एक तास मूत्राशयात साठलेली नसेल, किंवा जंतू नायट्राइट न करणाऱ्या जातीचा असेल, तर पट्टी रंग बदलतच नाही. पस सेल्स भरपूर आहेत पण कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असं वारंवार झालं तर आपल्याकडे मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार व्हायला हवा; आधी घेतलेलं अँटिबायोटिक आणि मुतखडा ही कारणंही असतातच. क्षयाच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, बिटाने लाल. पण डोळ्यांना दिसेल असं रक्त, तेही दुखण्याशिवाय, एकदाच आलं आणि थांबलं तरी गप्प बसू नये. पन्नाशीपुढच्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने तर ‘उष्णता झाली’ म्हणत वाळा-सब्जाचं पाणी पीत आठवडे घालवू नयेत. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास मूत्राशयाची दुर्बीण, हे लवकर झालेलं बरं.

नमुना देण्याची पद्धतही नीट सांगितली जात नाही. बाटली प्रयोगशाळेतून आणलेली, निर्जंतुक, झाकण ऐनवेळी उघडायचं. पाण्याने स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार धरायची. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईला हे एकटीने जमत नाही, कोणीतरी सोबत असावं. मग नमुना तासा-दोन तासांत पोचवायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा. मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या बाटलीत विरजण लागल्यासारखे जंतू वाढतात आणि शेकड्यांचे लाख होतात. ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे अनेक जातींचे जंतू एकत्र वाढले, असा शेरा आला तर नमुना बिघडला असं समजून, गरज असेल तरच पुन्हा द्यावा.

मग आईला ॲडमिट करायचं का? तुम्ही लिहिलंय तेवढंच खरं असेल, म्हणजे ताप नाही, जळजळ नाही, लघवीला नव्याने वारंवार जावं लागत नाही, ओटीपोटात किंवा कुशीत दुखत नाही, तर फक्त कल्चरसाठी मेरोपेनेम द्यायला मला कारण दिसत नाही. जुलाबाने अशक्तपणा वाढला, सलाइनची गरज पडली तर ॲडमिट करावं लागेल, पण ते जुलाबासाठी. हा फरक डॉक्टरांसमोर स्पष्ट करून घ्या, नाहीतर एकदा सलाइन लागलं की इंजेक्शनंही चालू होतात.

डॉक्टरांशी हे बोलायचं कसं, याची तुम्हाला धास्ती असणार. त्यांच्या बाजूने पाहा: समोर लाखाचा रिपोर्ट आहे, शहरातला मुलगा फोनवर ‘काही झालं तर’ म्हणतोय. औषध न देणाऱ्या डॉक्टरला जाब विचारतात, देणाऱ्याला कोणी विचारत नाही. ‘मी वाचलंय की’ अशी सुरुवात करू नका. सरळ विचारा: ‘डॉक्टर, आईला लघवीचा काही त्रास नाही. औषध न देता लक्ष ठेवलं तर चालेल का? कोणती लक्षणं दिसली तर लगेच आणायचं?’ बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न ऐकून सुटल्यासारखं वाटतं. तरीही इंजेक्शनांचाच आग्रह राहिला तर फिजिशियन किंवा मूत्ररोगतज्ज्ञांचं दुसरं मत घ्या. त्यात कोणाचा अपमान नाही. आणि त्या भेटीत भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या. त्याच्या ‘जबाबदार कोण’ला तुम्ही एकटीने उत्तर देत बसू नका.

लगेच न्यायची लक्षणं मीही सांगतो: थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीच्या एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवी अडकणं, नव्याने जळजळ आणि घाई, किंवा आई एकाएकी सुस्त होणं. त्या दिवशी अँटिबायोटिक सुरू होण्याआधी कल्चर द्यायचं आणि मग औषध लांबवायचं नाही. तेव्हाही संसर्ग मूत्राशयापुरताच असेल तर रिपोर्टमध्ये नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन या तोंडाने घ्यायच्या औषधांपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालतं) आहे का ते डॉक्टरांना विचारा. बऱ्याच ‘रेझिस्टंट’ ई. कोलायवर ती चालतात. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र क्रिएटिनिन पाहूनच देतात. लघवी गढूळ दिसली, वास आला, एवढ्यावरून प्रयोगशाळा गाठू नका. पाणी वाढवून दोन दिवस बघा.

‘इन्फेक्शन गेलं का’ हे बघायला चौथं कल्चर करू नका. आईच्या लघवीची एक तपासणी मात्र राहून गेलेली दिसते, तिच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये ती नाही: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जातंय याचं माप. मधुमेहात किडनीला इजा होतेय का हे तीच लवकर सांगते, आणि ती वर्षातून एकदा व्हायला हवी. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर आली तर एका आकड्यावर न जाता तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करून खात्री करतात. जुलाब थांबून, खाज बरी होऊन तीन-चार आठवडे गेले की सकाळच्या पहिल्या लघवीची तेवढी करून घ्या, क्रिएटिनिनसोबत. भावाला किडनीची काळजी आहेच, तर त्याचं पुढचं बुकिंग या तपासणीचं असू दे.